पूर ओसरल्यानंतरच्या तीन वर्षांसाठी: सीएसआर विभाग आणि देणगीदार विश्वस्त संस्थांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील कंपन्यांचे सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) विभाग आणि देणगीदार विश्वस्त संस्था

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी आणि सीना नदीचा महापूर यांनंतर आपल्यापैकी अनेकांनी मदत पाठवायला वेळ लावला नाही. परंडा, भूम, करमाळा, माढा आणि मोहोळ या तालुक्यांतल्या गावांत शिधा, पिण्याचे पाणी, चादरी, औषधे आणि जनावरांचा चारा घेऊन गाड्या आल्या. ज्या घरांतले धान्य, भांडी, अंथरूण-पांघरूण सगळेच पाण्यात गेले होते, त्या घरांनी पहिले काही दिवस त्या शिध्यावर काढले. या भागात काम करणारी कार्यकर्ती म्हणून मी त्याबद्दल मनापासून आभारी आहे. हे पत्र मात्र त्यानंतरच्या काळाविषयी आहे, ज्या काळात गाड्या येणे थांबते आणि खरे मोठे काम सुरू होते.

माझी विनंती आधीच स्पष्ट सांगते. आपत्तीनंतरच्या पुनर्वसनासाठी आपण जो निधी ठेवता, त्यातला ठरावीक वाटा त्याच तालुक्यात राहून काम करणाऱ्या लहान नोंदणीकृत संस्थांना थेट द्यावा, तो किमान तीन वर्षांसाठी द्यावा आणि त्यात त्या संस्थांच्या कार्यकर्त्यांचे मानधन, प्रवास आणि हिशेबनिसाचा खर्च मोकळेपणाने धरावा. या तिन्ही गोष्टी सध्याच्या कायद्यात बसतात. त्या होत नाहीत याचे कारण बहुतेक वेळा सवय आहे, आणि सवय बदलता येते, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

पाणी उतरल्यावर मागे काय राहिले, ते शहरात बसून नीटसे कळत नाही. पुराचे पाणी शेतात नुसते साचून राहिले असते तर एक हंगाम बुडाला असता आणि पुढचा हाती आला असता. सीनाकाठी आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांकाठी पाणी जोराने वाहिले आणि शेत खरडून निघाले. काळ्या मातीचा वरचा थर गेला, खालचा मुरूम आणि दगडगोटे उघडे पडले. काही शेतांवर उलट वाळू आणि गाळ येऊन बसला. विहिरी गाळाने बुजल्या, मोटारी, स्टार्टर, केबल आणि ठिबकच्या नळ्या वाहून गेल्या. बांध फुटले, त्यांच्याबरोबर हद्दीच्या खुणाही गेल्या, आणि आता कोणाचे शेत कुठे संपते यावरून सख्ख्या भावाभावांत मोजणीचे अर्ज पडत आहेत. भूम-परंडा हा दुधाचा आणि खव्याचा भाग आहे. तिथे दावणीला बांधलेल्या गाई-म्हशी सोडायलाही सवड मिळाली नाही अशी घरे आहेत, आणि ज्या घराचा रोजचा पैसा दुधातून येत होता त्या घराचे उत्पन्न एका रात्रीत थांबले.

राज्य सरकारने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतचे काम, बाधित विहिरीसाठी ३० हजार आणि दगावलेल्या दुभत्या जनावरासाठी ३७,५०० रुपये अशा तरतुदी आहेत. ही मदत लहान नाही, आणि सरकारच्या मदतीची जागा कोणत्याही खासगी निधीने घ्यावी असे मी सुचवत नाही. परंतु जाहीर झालेली रक्कम आणि शेतात पडलेली माती यांच्यामध्ये कागदांची एक लांब वाट आहे. रोजगार हमीतून जमीन दुरुस्त करायची म्हटले की जॉबकार्ड हवे, ग्रामपंचायतीचा ठराव हवा, अंदाजपत्रक हवे, तांत्रिक मान्यता हवी, हजेरीपत्रक नीट भरलेले हवे, आणि मजुरी व साहित्य यांचे साठ-चाळीसचे प्रमाण सांभाळायला हवे. ज्याच्या घरात लिहिता-वाचता येणारे आणि तालुक्याला चार फेऱ्या मारू शकणारे माणूस आहे, त्याचे काम पुढे सरकते. बाकीच्यांचे अर्ज कुठल्या तरी टेबलावर थांबतात. अशा वेळी गावातली संस्था ज्यांचे अर्ज अडले त्यांची यादी करते, ग्रामसेवक आणि तांत्रिक सहायकाला एकत्र बसवते, एकाच शिवारातल्या वीस शेतकऱ्यांचे प्रस्ताव एकदम तयार करते आणि ते मंजूर होईपर्यंत पाठ सोडत नाही. हे काम करणाऱ्या एका कार्यकर्तीच्या वर्षभराच्या मानधनातून सरकारी योजनेतले कित्येक पट अधिक पैसे गावात येऊ शकतात. आपल्या निधीचा याहून अधिक फलदायी उपयोग मला तरी माहीत नाही. तरीही आजवर पाहिलेल्या बहुतेक प्रस्ताव-नमुन्यांत या कामासाठी रकानाच नसतो, कारण त्यात वाटलेली वस्तू नसते आणि वस्तूसोबतचे छायाचित्रही नसते.

याहून अवघड प्रश्न ज्यांच्याजवळ कागदच नाही त्यांचा आहे. पंचनामा सातबाऱ्याच्या आधाराने होतो. बटईने शेती करणाऱ्याचे पीक गेले तरी भरपाई जमीनमालकाच्या खात्यावर जाते. नवऱ्याच्या मागे शेत कसणाऱ्या कितीतरी बायकांचे नाव अजून सातबाऱ्यावर लागलेले नाही. वारसनोंद रखडलेली असते, दीर किंवा सासरे हयात असतात, आणि पैसे कोणाच्या खात्यावर यायचे हा प्रश्न घरातच दाबला जातो. शेतमजुराचे तर कसलेच पीक नसते. त्याची बुडालेली मजुरी कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. मेंढपाळ त्या दिवशी ज्या शिवारात थांबला होता, तिथला रहिवासी म्हणून त्याची नोंद नसते. आणि ऊसतोड करणारी कुटुंबे पूर येऊन गेल्यावर महिन्याभरातच टोळीबरोबर कारखान्याच्या फडावर निघून गेली आहेत. घराची पडलेली भिंत तशीच सोडून, उचल घेतलेली असल्यामुळे, त्यांना जावेच लागले. पंचनामा, बँक खात्याची पडताळणी, ई-केवायसी यांची धावपळ गावात चालू असताना ही माणसे गावात नव्हती. त्यांना शोधणे, त्यांच्या वतीने कागद गोळा करणे, ती परत येतील तेव्हा घराच्या दुरुस्तीसाठी काही शिल्लक ठेवणे, हे बाहेरून आठवडाभरासाठी आलेल्या पथकाला जमणारे नाही. कोण कोणत्या मुकादमाबरोबर गेले हे ज्याला ठाऊक आहे, तोच हे करू शकतो.

मदतवाटपाचेही तसेच. पक्क्या रस्त्यालगतच्या गावांत एकाच घरी दोन-तीन संस्थांचे किट पोहोचले आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एकही पोहोचले नाही, असे यंदा झाले. २०१९ मध्ये शिरोळ, पलूस आणि वाळवा तालुक्यांतल्या पुरातही असेच झाल्याचे तिथल्या कार्यकर्त्यांकडून ऐकले आहे. यात मदत आणणाऱ्यांच्या हेतूविषयी मला जराही शंका नाही. वस्ती कुठे आहे, तिथे जायचा कच्चा रस्ता कुठून फुटतो, आणि तिथल्या लोकांपर्यंत निरोप कोणाच्या फोनवरून पोहोचतो, हे सांगणारी गावातली माणसे त्यांच्यासोबत नव्हती, इतकेच.

गावातल्या माणसांवर ही जबाबदारी टाकल्याने काय साधते, याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसांचा बळी घेतला. त्यानंतर जागतिक बँकेच्या साह्याने जो पुनर्वसन कार्यक्रम झाला, त्यात घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण हा फार मोठा भाग होता. सरकारी हप्ता कसा मिळतो, घराला भूकंपरोधक बळकटी कशी द्यायची, गवंड्याकडून काय करून घ्यायचे, हे घराघरात समजावून सांगणारे कोणीतरी हवे होते. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने ते काम गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांकडे आले आणि त्यांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. बाराशेहून अधिक गावांत या बायकांनी घरमालक, अभियंता आणि ग्रामपंचायत यांच्यामध्ये उभे राहून काम पुढे नेले. ज्यांना त्याआधी ग्रामसभेत बोलण्याची संधीही नव्हती, त्या बायका अंदाजपत्रक वाचू लागल्या, सिमेंटच्या गोण्या मोजून घेऊ लागल्या. कार्यक्रम संपला तरी त्या बायका गावातच होत्या. पुढे त्यांच्या बचत गटांतून कर्जव्यवहार, शेती आणि आरोग्याची कामे उभी राहिली, आणि २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. संवाद सहायकावर झालेला खर्च हिशेबाच्या वहीत ‘प्रशासकीय’ म्हणून दिसला असता. तीस वर्षांनंतर मागे वळून पाहताना मला वाटते की त्या संपूर्ण कार्यक्रमातली सर्वांत टिकाऊ गुंतवणूक तीच होती.

त्याच किल्लारीच्या पुनर्वसनाने दुसरी बाजूही दाखवली. ५२ गावे मूळ जागेवरून हलवून नव्या जागी वसवली गेली, आणि त्यांतली अनेक गावे देणगीदारांनी दत्तक घेऊन बांधली. वेळ थोडा, उत्साह मोठा आणि आराखडा बाहेरून आलेला, अशी बऱ्याच ठिकाणची परिस्थिती होती. गल्ली, वाडा, ओसरी, जनावरांचा गोठा, भावकीची शेजारी-शेजारी घरे ही जुनी रचना जाऊन तिथे शहरी वसाहतीसारख्या सरळ रांगा आल्या. घरे भक्कम होती, याबद्दल वाद नाही. परंतु लोकांनी पुढची कित्येक वर्षे त्या घरांना आपल्या सोयीचे करून घेण्यात घालवली. कोणी पुढे पडवी काढली, कोणी मागे चूल मांडली, कोणी मातीची भिंत घालून आडोसा केला. गावाला आधी विचारले असते, आणि विचारून झाल्यावर ऐकायला पुरेसा वेळ दिला असता, तर हा खर्च आणि ही ओढाताण वाचली असती.

वेळ दिल्यावर काय होते याचेही उदाहरण त्याच भूकंपातून मिळते. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले पुण्याजवळ वाघोलीला नेली आणि त्यांचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्यांची जबाबदारी घेतली. बाहेरची संस्था असूनही ते काम टिकले, कारण मुलाचे शिक्षण एका आर्थिक वर्षात संपत नाही हे तिने पहिल्याच दिवशी गृहीत धरले होते.

कच्छमध्ये तर स्थानिक संस्थांनी एकत्र येऊन मोठीच व्यवस्था उभी केली. १९९८ च्या चक्रीवादळानंतर ‘कच्छ नवनिर्माण अभियान’ हे तिथल्या संस्थांचे जाळे तयार झाले होते, त्यामुळे २६ जानेवारी २००१ ला भूकंप झाला तेव्हा एकमेकांना ओळखणारी, एकमेकांच्या गावांची माहिती असणारी माणसे आधीच जागेवर होती. त्यांनी गावसमूहांसाठी तीसहून अधिक ‘सेतू’ केंद्रे काढली. कोणत्या गावाला काय हवे आणि कोणती संस्था काय देऊ शकते याचा मेळ घालणे, सरकारी निर्णय लोकांच्या भाषेत पोहोचवणे आणि लोकांची तक्रार वर नेणे, हे त्या केंद्रांचे काम होते. त्या कामाला ज्यांनी पैसे दिले त्यांच्या नावाची पाटी एकाही घरावर लागली नसेल. पण घरे ज्याची त्याने स्वतः बांधावीत आणि सरकारने हप्त्याने मदत द्यावी, हे गुजरातचे धोरण गावपातळीवर चालले, त्यात या केंद्रांचा वाटा मोठा होता.

आता कायद्याविषयी. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि आपत्तीतील मदत, पुनर्वसन व पुनर्बांधणी यांचा समावेश २०१९ पासून कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, म्हणजे मान्य कामांच्या यादीत, स्पष्ट शब्दांत आहे. आमच्यासारख्या संस्थांना फोनवर वारंवार ऐकू येणारे वाक्य असे असते की पैसे ३१ मार्चपूर्वी संपवून दाखवावे लागतील. तसे बंधन नाही. संचालक मंडळाने प्रकल्पाला ‘चालू प्रकल्प’ म्हणून मान्यता दिली, तर तो सुरू झालेले आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षे चालू शकतो, आणि न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात ठेवून पुढे वापरता येते. कायद्याने चार पावसाळ्यांना पुरेल इतकी मुदत देऊ केलेली असताना आपण चार महिन्यांचा प्रकल्प मागता, आणि मग संस्थेला वाटपाखेरीज दुसरे काही सुचवताच येत नाही. खरडलेल्या जमिनीत तलावातला गाळ आणून पसरायचा तर तो उन्हाळ्यातच, तलाव आटल्यावर काढावा लागतो. पहिल्या वर्षी थर बसतो, शेणखत घालावे लागते, आणि पीक धड हाती येईपर्यंत दुसरे-तिसरे वर्ष उजाडते. राज्याच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत अशासकीय संस्थांच्या सहभागाची सोय आहे, तिला आपला निधी जोडून घेता येईल. पण यंत्राचा उन्हाळा आणि आपले आर्थिक वर्ष यांचा मेळ बसत नाही, आणि मार्चमध्ये पैसे थांबले की एप्रिल-मे हे कामाचे खरे दोन महिने हातचे जातात.

कोकणात हा मुदतीचा प्रश्न आणखी ठळकपणे दिसला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन परिसरातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे रोप लावल्यापासून उत्पन्न यायला सहा-सात वर्षे लागतात, नारळालाही जवळपास तितकीच. म्हणजे वादळ झाले त्याच पावसाळ्यात ज्याने रोप लावले, त्याच्या वाडीतून आता कुठे पैसा यायची आशा आहे. मधल्या वर्षांत त्या घराने काय खाल्ले, आंतरपीक कोणते घेतले, मुंबईला कोण गेले, या प्रश्नांच्या वेळी सोबत असणारी संस्था ही तिथलीच असायला हवी आणि तिला तितका काळ तग धरता यायला हवा.

पाच टक्क्यांच्या मर्यादेबाबतही मोठा गैरसमज आहे. प्रशासकीय खर्चावरची ही मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेल्या खर्चाला लागू आहे. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्या मर्यादेत येत नाही. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या नियमांत आणि त्यानंतरच्या खुलाशात हे सांगितले आहे. तरीही हीच पाच टक्क्यांची कात्री लहान संस्थांच्या अंदाजपत्रकाला लावली जाते, आणि क्षेत्रात फिरणाऱ्या कार्यकर्त्याचे मानधनही ‘प्रशासकीय’ म्हणून कापले जाते. महिन्याला दहा-बारा हजारांवर गावोगाव फिरणारी, स्वतःच्या घरात पाणी शिरलेले असताना दुसऱ्यांचे पंचनामे करून घेणारी माणसे आमच्याकडे आहेत. त्यांच्याकडून सेवाभावाची अपेक्षा करताना त्यांना किमान वेळेवर पगार मिळेल याची हमी देणे, हे आपल्यासारख्या व्यवस्थापन जाणणाऱ्या मंडळींना पटवून सांगावे लागू नये.

विदेशी देणगीचा मार्ग आता लहान संस्थांसाठी जवळजवळ बंद आहे. सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी देणगी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार एका संस्थेला मिळालेली विदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. पूर्वी मोठी संस्था निधी मिळवी आणि तालुक्यातल्या पाच-सहा लहान संस्थांना कामाप्रमाणे देई. ती वाट संपली. २०१६ मध्ये इस्तंबूलला झालेल्या जागतिक परिषदेत मोठ्या देणगीदारांनी मानवतावादी मदतीतला किमान एक चतुर्थांश भाग शक्य तितक्या थेट स्थानिक संस्थांना द्यायचे मान्य केले होते आणि २०२० ची मुदत ठेवली होती, तेही उद्दिष्ट गाठले गेले नाही. त्यामुळे धाराशिव किंवा बीडमधल्या एखाद्या लहान संस्थेला आज देशातल्या कंपन्या आणि विश्वस्त निधी यांच्याशिवाय फारसा आधार उरलेला नाही.

आणि कंपन्या कुठे आहेत? पुणे, मुंबई, ठाणे, रायगड, नाशिक, छत्रपती संभाजीनगर. कायद्यात स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे, म्हणून निधी कारखान्याच्या आसपास फिरतो आणि ज्या जिल्ह्यांत मोठे उद्योगच नाहीत तिथे तो पोहोचत नाही. मात्र हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयानेच स्पष्ट केले आहे. आपल्या कारखान्यांत, गोदामांत आणि बांधकामांवर काम करणारी कितीतरी माणसे याच भागातून आलेली आहेत. त्यांच्या आई-वडिलांचे शेत सीनेच्या काठी असेल, तर तो आपला परिसर नाही असे कसे म्हणावे?

अर्जाच्या पद्धतीविषयी थोडे. बारा-ए आणि ऐंशी-जी या प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या, सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब, तीन वर्षांचा कामाचा अनुभव या अटी कायद्याच्या आहेत आणि त्या पाळायलाच हव्यात. त्यापलीकडच्या अटी आपण घातलेल्या असतात: प्रस्ताव इंग्रजीतच हवा, सादरीकरण हवे, दर आठवड्याला भौगोलिक नोंदीसह छायाचित्रे हवीत, प्रत्येक खर्चाचे जीएसटी बिल हवे. गावातला गवंडी आणि ट्रॅक्टरवाला जीएसटी बिल कुठून देणार? संस्थेने आधी खर्च करावा आणि बिले दाखवल्यावर परतफेड घ्यावी ही पद्धत तर लहान संस्थेला दारातूनच परत पाठवते, कारण तिच्या खात्यात आगाऊ खर्चायला रक्कमच नसते. आपण मराठीत लिहिलेला चार पानी प्रस्ताव स्वीकारावा, पहिला हप्ता आगाऊ द्यावा, आणि लहान रकमांसाठी साक्षीदारांच्या सह्यांचे व्हाउचर मान्य करावे. ज्या महिला गटांची किंवा तरुण मंडळांची स्वतःची नोंदणी नाही, त्यांच्यासाठी जिल्ह्यातल्या एखाद्या अनुभवी संस्थेने हिशेब आणि कायदेशीर पूर्तता सांभाळावी आणि कामाचा निर्णय मात्र त्या गटानेच घ्यावा, अशी जोडी आपण पुढाकार घेऊन लावून देऊ शकता. नियमांनुसार सीएसआरमधून घेतलेले यंत्र किंवा साधन लाभार्थ्यांच्या बचत गटाच्या मालकीचेही असू शकते. गाळ उपसण्याचे पंप, पेरणीयंत्र, ट्रॉली यांची एक सामायिक पेढी महिला गटांच्या नावाने उभी राहिली, तर प्रकल्पाची मुदत संपल्यावरही ती गावातच राहील.

आपल्या मनात एक शंका असणार, आणि ती रास्त आहे: स्थानिक संस्था खात्रीच्या असतात का? सगळ्याच नसतात. काही संस्था एखाद्या पुढाऱ्याच्या घरच्या असतात, काही कागदावरच असतात. स्थानिक म्हणजे आपोआप न्यायी, असे मी म्हणणार नाही. गावात जी जातीची आणि जमिनीची उतरंड आहे, ती संस्थेतही उतरते. दलित वस्ती, पारधी वस्ती, भटक्यांची पाले ओढ्याकाठी किंवा गावाच्या कडेला असतात, पाणी तिथे आधी शिरते आणि यादी तिथे शेवटी पोहोचते. म्हणून निधी देण्यापूर्वी संस्थेच्या कार्यकारी मंडळावर कोण बसते, कार्यकर्त्यांत बायका किती, या वस्त्यांतले कोणी त्यात आहे का, हे जरूर विचारा. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत आणि वस्तीवर वाचून दाखवण्याची, हरकती ऐकून घेऊन ती दुरुस्त करण्याची आणि खर्चाचा तपशील ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची अट घाला. ही देखरेख मुंबईतल्या तपासनिसाच्या वार्षिक भेटीपेक्षा कडक असते, कारण गावात पैसे खाल्लेले लपत नाहीत. चुकीच्या संस्थेला दिलेला निधी परत घ्या, तिचे नाव इतर देणगीदारांना सांगा. पण काही संस्था खोट्या निघाल्या म्हणून सर्वच लहान संस्थांना वगळून निधी चार मोठ्या नावांकडेच द्यायचा, ही सावधगिरी शेवटी ज्यांच्यासाठी निधी होता त्यांनाच भोवते.

पूर परतून येतात हेही लक्षात असू द्या. शिरोळला २०१९ नंतर २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. चिपळूणला २००५ नंतर २०२१ मध्ये आले. ज्या तालुक्यात दोन पुरांच्या मधल्या काळात एखादी संस्था टिकून राहिली, तिथे होडी कुठे आहे, दोर कुठे आहेत, कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कोणते म्हातारे उठून चालू शकत नाही, याची माहिती तयार असते. ही तयारी पुरासाठी म्हणून मिळालेल्या निधीतून होत नाही. पूर नसताना चालू राहिलेल्या मानधनातून होते. मिळणारा निधी फक्त पुराच्या बातमीबरोबर येत-जात राहिला, तर प्रत्येक वेळी नवी माणसे, नवी ओळख आणि तोच गोंधळ.

आपल्या संचालक मंडळांच्या पुढच्या बैठका डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात होतील. त्या बैठकांत सप्टेंबर २०२५ च्या पूरग्रस्त तालुक्यांसाठी ‘चालू प्रकल्प’ म्हणून बहुवर्षीय तरतूद मंजूर व्हावी, त्यातून स्थानिक संस्थांना द्यायचा वाटा ठरावात लिहिला जावा, आणि मराठीतून अर्ज मागवणारे निवेदन जिल्ह्याच्या वृत्तपत्रांतून व ग्रामपंचायतींतून प्रसिद्ध व्हावे, एवढे आपण करू शकता. हे मागणे एका संस्थेसाठी नाही, म्हणून मी आमच्या संस्थेचे नाव मुद्दाम दिलेले नाही. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदी आणि तालुक्यातले जुने शिक्षक, आशा कार्यकर्त्या, बचत गटांच्या अध्यक्षा यांना विचारलेत तर कोण खरेच काम करते ते दोन दिवसांत कळेल.

निर्णयापूर्वी पाहायला यायचे असेल तर मार्चची वाट न पाहता जानेवारीत यावे. तेव्हा शिवारात रब्बीची ज्वारी उभी असते, त्यामुळे कोणाचे शेत पेरले गेले आणि कोणाचे पडीक राहिले हे सांगायला कोणी लागणार नाही, आणि मंजुरी देऊन एप्रिलच्या आधी गाळकाढणीचे पैसे पोहोचवायला आपल्या हाती दोन महिने राहतील.

आपली विश्वासू,
सीनाकाठच्या एका लहान संस्थेची कार्यकर्ती
परंडा तालुका, जिल्हा धाराशिव
नोव्हेंबर २०२५